सौम्य मार

४ ऑक्टोबर

आज वार्षिक चाचणी उरकली. मोसम सुरू व्हायच्या आधी दरवर्षी हा तमाशा असतो. जॉकींच्या वजनखोलीच्या मागे कॉम्प्युटर मांडतात. पडद्यावर खेळायचे पत्ते येत राहतात, आधीचाच पत्ता पुन्हा आला की बटण दाबायचं. पुढे वर्षभरात डोक्यावर आपटलं की हीच चाचणी परत घेतात आणि आजच्या गुणांशी ताडून बघतात. गुण घसरले तर घरी बसा. म्हणून मुळात आजचेच गुण कमी आणून ठेवायचे. अडथळ्यांच्या शर्यतीत पळणाऱ्या प्रत्येक जॉकीला हे पहिल्या वर्षी कोणीतरी कानात सांगतं. मला कॅहल रोशने सांगितलं होतं. आज तो शेजारीच बसला होता. पत्ता आला की छताकडे बघायचा, मनात अर्धी प्रार्थना म्हणायचा आणि मग बटण दाबायचा.

माझं जरा जास्तच झालं. डॉ. हेनेबरींनी कागद बघितला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “फिन्टन, या निकालावरून तुला आज घरी सोडायला कोणीतरी सोबत द्यायला हवं.”

“रिकाम्या पोटी डोकं चालत नाही, डॉक्टर. तुम्ही घाला जेवायला, मग बघा.”

त्यांनी सुस्कारा टाकून सही केली. कागदावर येतं ते येतं, त्यांनी तरी काय करावं. घरी आलो, वजन उतरवायला गरम पाण्यात तासभर बसून घाम काढला, बिनदुधाचा चहा प्यालो. थकलोय. छत्तीस वर्षांचा मी, आणि मोसम अजून सुरूसुद्धा झालेला नाही.

११ ऑक्टोबर

डब्लिनला जाऊन आलो, बायकोच्या हट्टापायी. डोक्याला बारीकसारीक मार लागलेल्यांच्या मेंदूचे फोटो काढून काही कळतं का, असा तिथल्या एका कॉलेजात अभ्यास चाललाय. त्यांना जॉकी हवेत, हे ओर्लाने पेपरात वाचलं. हवेतच ना! इतक्या नियमाने डोक्यावर पडणारी माणसं त्यांना दुसरीकडे कुठे मिळणार?

डॉ. लॅव्हेल नावाची बाई होती. वयाने माझ्याएवढीच, पण रोज पोटभर जेवणारी, त्यामुळे चेहऱ्यावर तजेला. म्हणाली, “पडल्यावर इस्पितळात जो फोटो काढतात त्यात रक्त साकळलंय का, हाड तडकलंय का, एवढंच बघतात. सौम्य मारात त्यातलं काहीच नसतं. फोटो स्वच्छ येतो आणि माणूस महिनाभर गरगरत असतो. आम्ही मेंदूच्या आतले धागे बघतो. आज एक फोटो घेऊ, पडलात की दुसरा. मग दोन्ही शेजारी ठेवायचे.”

“सौम्य कोणाच्या दृष्टीने, बाई?”

“शब्द आमचा आहे,” ती म्हणाली. “डोकं तुमचं.”

बाई आवडली मला. मग त्या नळकांड्यात निजवलं. खडखडाट असा, की उशाशी कोणी ट्रॅक्टर चालू करून ठेवावा. मला तिथे मेल्यासारखी झोप लागली. कोणी हाका मारत नाही, घोडा नाही, वजनाचा काटा नाही. संपल्यावर उठवलं तेव्हा वाईट वाटलं.

झोप कशी, डोकं दुखतं का, चिडचिड होते का, ते रोज लिहा म्हणाली आणि खुणा करायचे तक्ते दिले. तक्त्यांवर खुणा करीन. हे मात्र माझं मला लिहितोय. एकदा हातात पेन घेतलंय तर दोन ओळी स्वतःसाठी पण होऊन जाऊ देत.

२ नोव्हेंबर

टर्फकटर जिंकला!

हे नीट लिहून ठेवायला हवं. टर्फकटर माझ्या मेहुण्याच्या, मॅलकीच्या तबेल्यातला सात वर्षांचा तांबूस, कुमेत घोडा. चार वर्षांचा असताना मीच त्याच्या पाठीवर पहिलं खोगीर टाकलं. तेव्हा त्याने मला दोनदा काट्यात फेकलं आणि नंतर जवळ येऊन खिशात तोंड घातलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांनी नाकारलेली तट्टं हाकली. अडथळा दिसला की बाजूला पळणारी, मधेच थांबणारी, चावणारी. हा पहिला असा, की कुंपण दिसलं की कान टवकारतो आणि आपण फक्त बसून राहायचं.

मॅलकी कधी बोलत नाही. आज लगाम धरून म्हणाला, “फेब्रुवारीत मोठी शर्यत. तू आणि तो.” एवढंच. गाडीत बसल्यावर मला रडू आलं. कॅहल शेजारी होता, त्याला सांगितलं डोळ्यात माती गेली.

“कुठली माती,” तो म्हणाला, “सगळी तर माझ्या तोंडात आहे.” तो दुसऱ्या अडथळ्याला पडला होता.

२१ नोव्हेंबर

कॅहल आणि मी एकाच गाडीने जातो. आज जाऊन येऊन पाच तास. दोघांचे मिळून चार घोडे, एकही जिंकला नाही. त्याने येताना बिशपच्या गाढवाची गोष्ट सांगितली, पोट धरून हसलो. उपाशी पोटी हसलं की बरगड्या दुखतात.

७ डिसेंबर

पडलो. नॉकशीलच्या मैदानात, एका मठ्ठ घोडीवरून. तिने कुंपण बघितलंच नाही. मागचे दोघं माझ्यावरून गेले असं म्हणतात. मला फक्त गवत आठवतं, अगदी डोळ्याजवळ, आणि त्यावर एक गोगलगाय. डॉ. हेनेबरी वाकून विचारत होते, “फिन्टन, कुठे आहोत आपण?” मी म्हटलं, “तुम्हाला माहीत नसेल तर मला कसं माहीत?” त्यावर सगळे हसले, मी पण हसलो. खरं सांगायचं तर मला खरंच माहीत नव्हतं.

इस्पितळात फोटो काढला. स्वच्छ. ‘सौम्य मार’ असं लिहून दिलं. नियमाने आता काही दिवस घरी, मग चाचणी.

१५ डिसेंबर

चाचणी झाली. पत्ते जरा हलत होते, एक डोळा बारीक करून बघितलं. तरी ऑक्टोबरपेक्षा चांगले गुण! डॉ. हेनेबरींनी कागद दोनदा वाचला. “डोक्यावर आपटल्यामुळे सुधारणारा तू पहिलाच.”

“अजून एकदा आपटलो तर मास्तर होईन.”

त्यांना हसू आलं नाही. “डोकं दुखतं? उजेड सहन होतो? झोप?”

“झकास.”

“तू झकास म्हणतोस आणि कागद झकास म्हणतो. माझ्या हातात दुसरं काही नाही.” सही केली.

वजनखोलीत कॅहलने पाठीवर थाप मारली. “बघ, माझी विद्या कामी आली की नाही!” आली बुवा. मोठी शर्यत वाचली.

२६ डिसेंबर

टर्फकटर पुन्हा जिंकला, तेही चिखलात. मी काहीच केलं नाही, तोच सगळं करतो. शर्यतीआधी मॅलकीने खोगिराचा पट्टा पुन्हा स्वतः तपासला. वीस वर्षं झाली मला खोगीर चढवून, हा मला शिकवणार! पण जिंकल्यावर काही बोललो नाही.

कॅहलने येताना बिशपच्या गाढवाची गोष्ट सांगितली. “अरे, मागच्या खेपेला सांगितलीस की,” म्हटलं. “हो का?” म्हणाला आणि तरी शेवटपर्यंत सांगितली. पडल्यापासून मला बाकी काही नसलं तरी डुलकी चांगली लागते, म्हणून अर्धी ऐकली.

१४ जानेवारी

नेसाचा पहिला दात पडला. पोरगी तो उशीखाली ठेवून निजली. किती मोठी झाली बघता बघता.

स्वयंपाकघरातला नवा दिवा फार झगझगीत आहे. ओर्लाला म्हटलं, कशाला आणलास? ती म्हणते, जुनाच आहे. बरं बाई, जुना तर जुना.

१६ जानेवारी

आज नेसाचा पहिला दात पडला. मला दाखवायला आली नाही, मीच फट बघितली. ओर्लाला हाक मारून सांगितलं, तर ती माझ्याकडे बघतच राहिली. आईला एवढंही कौतुक नाही.

हल्ली ती मला गाडी चालवू देत नाही. म्हणते, तिची सवय मोडायला नको. किल्ल्या कुठे ठेवते तेही तिला आठवत नाही, रोज शोधाशोध. घरात सगळेच विसराळू झालेत.

१९ जानेवारी

लिहायला लाज वाटते, पण लिहितो. नेसा पत्र्याची बासरी वाजवत होती. शाळेत शिकवतात ती, तीन सूर, परत तेच तीन सूर. माझ्या डोक्यात कोणीतरी खिळा ठोकत असल्यासारखं झालं. मी बासरी हिसकावून खिडकीतून फेकून दिली. मग स्वतःच बाहेर जाऊन पावसात शोधून आणली, धुतली, तिला दिली. ती घेईना. रडली नाही मात्र. फारसं मनाला लावून घेतलं नसावं.

 नंतर जेवताना ओर्ला म्हणाली, “त्या डब्लिनच्या बाईकडे तू अजून गेला नाहीस. पडलास तर या म्हणाली होती ना?”

“पडलो त्याला महिना होऊन गेला.”

“मग आज-उद्या जाऊ. मी नेते.”

नाही म्हटलं असतं तर अजून बोलणं झालं असतं. वजन कमी करायच्या दिवसांत भांडायला ताकद नसते.

२२ जानेवारी

डब्लिन. तोच खडखडाट, पण या वेळी झोप लागली नाही. डोळे मिटले की नळकांडं फिरतंय असं वाटत होतं.

डॉ. लॅव्हेलने दोन फोटो शेजारी लावले. ऑक्टोबरचा आणि आजचा. मेंदूत धाग्यांचे झुबके, निळे, हिरवे, लाल. सुंदर दिसत होतं, माझ्या डोक्यात एवढं सुंदर काही असेल असं वाटलं नव्हतं. तिने पेनाने एक जागा दाखवली. “इथे रंग किंचित फिका झालाय. आणि इथेही थोडासा.”

“म्हणजे काय?”

तिने पेन खाली ठेवलं. “खरं सांगू? तुमच्यासारख्या शंभर जणांचे फोटो एकत्र केले तर मी छातीठोकपणे सांगू शकते, की मार लागल्यावर इथे फरक पडतो. पण एकट्या तुमचा फोटो बघून मी म्हणू शकत नाही, की या फिकेपणाचा अर्थ अमुकच. झोप कमी, पाणी कमी, यानेही थोडं इकडेतिकडे होतं. ही विद्या अजून तिथवर पोचलेली नाही.”

“म्हणजे काही नाही.”

“असं मी म्हटलं नाही. सांगता येत नाही, असं म्हटलं.” मग म्हणाली, “तुमचा फोटो मी तुम्हाला विचारल्याशिवाय कोणाला दाखवणार नाही. पण आज माझ्या फोटोपेक्षा तुमचं उत्तर जास्त कामाचं आहे. तुम्हाला कसं वाटतं?”

“झकास,” मी म्हटलं.

ती माझे तक्ते चाळत होती. सगळीकडे एकाच ठिकाणी खूण होती, मी ते काल एका बैठकीत भरले. तिने ते बाजूला ठेवले. “निदान काही आठवडे घोड्यावर बसू नका, असं मी मैत्रीण म्हणून सांगेन.”

मैत्रिणीला फेब्रुवारीतली शर्यत कुठे माहीत आहे. ओर्ला बाहेर गाडीत बसली होती. मी दार उघडून म्हटलं, “काही निघालं नाही.” तिने स्टिअरिंगवर कपाळ टेकवलं आणि रडली. आनंदाने रडली असणार. मलाही हलकं वाटलं. वाटेत तिने मला सूप प्यायला लावलं, अर्धी वाटी प्यालो.

८ फेब्रुवारी

टर्फकटर गेला.

शेवटून दुसरं कुंपण. आम्ही पुढे होतो, मागच्यांच्या टापासुद्धा ऐकू येत नव्हत्या. सूर्य समोर होता. त्याने अंदाज चुकवला, फार लांबून उडाला आणि छातीने कुंपणात गेला. मी गवतावर घरंगळत गेलो, मला खरचटलंसुद्धा नाही. उठलो तर तोही उठायचा प्रयत्न करत होता. पुढचा डावा पाय खांद्यापासून लोंबत होता. तीन पायांवर उभा राहिला आणि माझ्याकडे आला. माझ्याकडे आला!

हिरवी कनात लावली, लोकांना दिसू नये म्हणून. मी डोकं धरलं. त्याने खिशात तोंड घातलं. जनावरांच्या डॉक्टरने शेवटची सुई भरली आणि मला विचारलं, बाहेर जातोस का? नाही म्हटलं.

आता लिहवत नाही.

९ फेब्रुवारी

झोप नाही. सूर्याचा दोष. त्या वेळेला ती शर्यत ठेवायलाच नको. आणि घोडा तरी घोडाच शेवटी, एखाद्या वेळी चुकतो. मॅलकीचा फोन नाही.

१२ फेब्रुवारी

ओर्लाला घेऊन मॅलकीकडे गेलो. गेलो म्हणजे तिने नेलं. मॅलकी स्वयंपाकघरात एकटा बसला होता, समोर शर्यतीची फिल्म. तेवढाच तुकडा लावत होता, परत मागे नेत होता, परत लावत होता. मला खुर्ची दाखवली.

मी बघितलं. सूर्य समोर नव्हताच, आमची सावली कुंपणावर पडलेली स्पष्ट दिसते. टर्फकटर एका लयीत येतोय, कान पुढे. अजून दोन ढांगा बाकी आहेत, त्याला माहीत आहे, तो त्या मोजून टाकणार आहे. आणि त्याच्या पाठीवरचा माणूस हात पुढे फेकतो आणि टाचा मारतो. एक अख्खी ढांग आधी. घोडा कान मागे करतो. क्षणभर. मग ऐकतो.

“परत लाव,” मी म्हटलं. त्याने परत लावलं.

मला तेव्हा कुंपण अगदी जवळ दिसलं होतं. मी शपथेवर सांगितलं असतं, आजही सांगेन. पण कुंपण तिथे नव्हतं. मी त्याला त्याच्या मनाने जाऊ दिलं असतं तर तो उडी मारून, जिंकून, आत्ता बाहेर तोबऱ्यात तोंड घालून उभा असता. मी उड म्हटलं, म्हणून तो उडाला. माझं ऐकलं म्हणून मेला. मी मारला त्याला.

हे मोठ्याने बोललो की मनात, आठवत नाही. मॅलकी म्हणाला, “नाताळपासून तुझा पट्टा मी तपासतोय. दोनदा तू न आवळता वर बसायला निघाला होतास.”

“मग बोलला का नाहीस?”

त्याने फिल्म बंद केली. “घोडा जिंकत होता,” म्हणाला. आणि हा कधी न बोलणारा माणूस टेबलावर डोकं ठेवून हुंदके द्यायला लागला.

ओर्ला दारात उभी होती. एवढे दिवस तिने गिळलेलं सगळं आम्हा दोघांपैकी माझ्या वाट्याला आलं. “काही निघालं नाही म्हणालास ना मला? त्या बाईला मी काल फोन केला. फोटोबद्दल ती एक अक्षर बोलली नाही, तुझी परवानगी नाही म्हणाली. एवढंच म्हणाली, ‘काही नाही असं मी कोणालाच सांगत नाही.’ नेसा तुझ्या पायांचा आवाज आला की बासरी उशीखाली लपवते, फिन्टन. घोडा मेला तेव्हा तुला दिसलं! आम्ही मेलो असतो तर जरा लवकर दिसलं असतं का?”

 खरं होतं ते.

१५ फेब्रुवारी

डॉ. हेनेबरींकडे गेलो. म्हटलं, “मला थांबवा.”

“कशावर? परवा पडल्यावर मी चाचणी घेतली, त्यातही तुझे गुण ऑक्टोबरपेक्षा वर आहेत.”

“ऑक्टोबरचे खोटे आहेत. मुद्दाम बिघडवले.”

त्यांनी चष्मा काढला. काच पुसली. मला वाटलं आता ओरडणार. ते म्हणाले, “एकट्याने?”

“मी माझ्यापुरतं बोलतोय, डॉक्टर.”

“किती वर्षं झाली, मी वाट बघतोय की एकाने तरी या खुर्चीत बसून हे सांगावं. नुसत्या संशयावर मला कोणाला हात लावता येत नव्हता.” मग त्यांनी माझा परवाना मागितला. मी दिला. “आता सगळ्यांची चाचणी नव्याने घ्यावी लागेल. माझ्यासमोर, एकेकाची. तुला कळतंय ना, तुझ्यावर किती जण खवळतील?”

कळतंय म्हटलं. डब्लिनचा फोटोही त्यांना दाखवायला सांगितलं. त्यात जे दिसत असेल ते दिसो.

बाहेर येऊन पायरीवर बसलो. सुटल्यासारखं वाटेल असं वाटलं होतं. तसं काही नाही. सोळाव्या वर्षापासून हेच केलं, दुसरं मला काही येत नाही. भीती वाटते, आणि या भीतीला घोड्यावरच्या भीतीसारखी मजा नाही.

२२ फेब्रुवारी

नॉकशीलला जाऊन माझं खोगीर घेऊन आलो. ओर्ला म्हणाली होती, मॅलकी आणेल. म्हटलं नको, माझं मी आणतो. तिने नेलं आणि गाडी लावून चहा प्यायला गेली, मला एकट्याला आत जाऊ दिलं.

वजनखोलीत शिरलो आणि गलका थांबला. वीस वर्षं ज्यांच्याबरोबर एका बाकावर कपडे बदलले, एकमेकांची हाडं बसवली, ते सगळे बुटांच्या नाड्या बांधायला लागले. कोणीतरी म्हणालं, “आले बघा, संत फिन्टन.” काल पहिल्या सहा जणांची नवी चाचणी झाली, तिघांना घरी पाठवलंय.

मी खोगीर खुंटीवरून काढलं. कॅहल उठून आडवा आला. रंगीत कपडे घालून तयार होता, हेल्मेट काखेत. “स्वतःचं संपलं तर गपचूप जायचं होतं! घोडा तू मारलास, उपास आम्ही करायचे काय रे? मला उद्या बोलावलंय उद्या, त्या खोलीत! माझी दोन पोरं आहेत, ती काय तुझ्या सत्यावर जगणार?” खूप बोलला. त्यात शिव्याही होत्या, त्या लिहीत नाही. मी ऐकून घेतलं. विद्या त्याचीच होती असं म्हणता आलं असतं, पण जीभ रेटली नाही. बाकीचे मान हलवत होते.

बाहेर पाऊस. खोगीर मागच्या सीटवर टाकलं आणि पुढे बसून ओर्लाची वाट बघत होतो. काचेवर टकटक झाली. कॅहल. पावसात, शर्यतीच्या कपड्यांत.

काच खाली केली. “आत बोललो ते बोललो,” तो म्हणाला. “सगळ्यांसमोर बोलायलाच हवं होतं.”

“माहीत आहे.”

तो गेला नाही. हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत उभा राहिला. “त्या डब्लिनच्या बाईचा नंबर आहे का तुझ्याकडे?”

“आहे.”

“पोरांच्या शाळेच्या फाटकाशी ती जाडजूड बाई उभी असते ना? नवीन आहे, कोणाला ओळखत नाही. परवा मी धाकटीला आणायला गेलो. तिने विचारलं, कोणाला न्यायला आलात? फिन्टन, मला नाव येईना. पोरगी समोर उभी होती, दप्तर पाठीला, माझ्याकडे बघत होती. मी वाट बघत राहिलो की आत्ता येईल, आत्ता येईल. शेवटी नुसतं बोट दाखवलं.”

 मी पलीकडचं दार उघडलं. “बस,” म्हटलं.

“माझी शर्यत आहे. तिसरी.”

“बस रे.”

तो बसला. हेल्मेट मांडीवर घेतलं, ओले हात गुडघ्यांवर पुसले. दोघं समोरच्या काचेवरचा पाऊस बघत बसलो. लाउडस्पीकरवर तिसऱ्या शर्यतीच्या जॉकींना बोलावलं. थोड्या वेळाने त्याचं एकट्याचं नाव पुकारलं, मग पुन्हा एकदा पुकारलं. कॅहल उठला नाही.